खरं सांगायचं, पण छापखान्यात जायच्या आधी

(वाचकांची पत्रं आणि उत्तरं)

सप्रेम नमस्कार ताई,

मी चिपळूणची. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. एसटीत ३४ वर्षं कंडक्टर होते. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा माझ्या ८५ वर्षांच्या आईला त्यांनी गुडघाभर पाण्यातून पाठकुळी घेऊन वर नेलं. तासाभरात आमच्या घरातला पंखा पाण्याखाली गेला. पुढचे अकरा दिवस आम्ही दोघी त्यांच्याच घरी जेवलो.

आता भाऊंनी आत्मचरित्र लिहिलंय. २४० पानांची फाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या. प्रस्तावना तुम्हीच लिहायची. आणि कसं वाटलं ते अगदी खरं सांगा." मी वाचलं. ताई, ते चांगलं नाही. पहिली ४० पानं घराण्याची माहिती आणि एसटीचा इतिहास. मग सत्कार, भाषणं, आभार. प्रत्येक प्रकरणाखाली सुविचार. शेवटी २२ कविता. मधलं मुक्कामी गाडीचं एक प्रकरण मात्र वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची झेरॉक्स सोबत जोडते.

छापखान्याने ३०० प्रतींचे ६५,००० रुपये सांगितलेत. दसऱ्याला प्रकाशन करायचं म्हणतात. खरं सांगितलं तर ते खचतील. नाही सांगितलं तर लोक मागून हसतील. ज्या माणसाने माझ्या आईला उचलून नेलं, त्याला "तुमचं पुस्तक जमलेलं नाही" हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर

बाई, सगळ्यात आधी छापखान्यात फोन करा आणि काम कुठवर आलंय ते विचारा. मजकूर अजून डीटीपीला असेल तर तुमच्या हातात वेळ आहे. छपाई सुरू व्हायच्या आधी सांगितलेलं खरं माणसाच्या उपयोगी पडतं. गठ्ठे घरी आल्यावर तेच सांगितलं तर ते नुसतं लागतं. तेव्हा भाऊंना काय सांगायचं त्याचा विचार नंतर करा, आधी फोन करा.

मी हे इतकं घाईने सांगते त्याला कारण आहे. १९९३ ची गोष्ट. मासिकाच्या संपादन विभागात मला पंधरा वर्षं झाली होती. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आयुष्यभर दवाखाना चालवलेले डॉक्टर आपल्या आठवणींचं बाड घेऊन आले. ते मी दोनदा वाचलं आणि एका फुलस्केप कागदावर पेन्सिलीने ३१ मुद्दे काढले. कुठे लांबलंय, कुठे तीच गोष्ट दुसऱ्यांदा आलीय, कुठे एखाद्या रोग्याची हकीकत रंगात आलेली असताना ते मध्येच उपदेश करायला लागलेत. ठरलेल्या दिवशी डॉक्टर आले. हातात पिशवीभर घेवडा आणि काकवीची बाटली. येताना एसटीत तीन तास उभे होते. त्यांचा चेहरा बघितला आणि माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "छान आहे डॉक्टर. छापा." तो कागद ड्रॉवरमध्येच राहिला.

त्यांनी ५०० प्रती काढल्या. नऊ वर्षांनी ते गेले. त्यांच्या मुलाने मला बोलावून घेतलं, पुस्तकांचं काय करायचं ते विचारायला. पलंगाखाली गठ्ठे होते, सुतळीसुद्धा न सोडलेले. टेबलावर एक प्रत वेगळी होती, डॉक्टरांची स्वतःची. मी ती चाळली. पान १७ वर एक आख्खा परिच्छेद पेन्सिलीने आडवा खोडलेला. माझ्या कागदावरचा पहिला मुद्दा तोच होता. पुढे अशाच खुणा. बहुतेक ठिकाणी माझ्या आणि त्यांच्या खुणा एकाच जागी. एका समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे का ठेवलं मी?"

म्हणजे त्यांना कळत होतं. पण एकट्याला, आणि पुस्तक छापून झाल्यावर. मला आधी कळलं होतं आणि मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती की म्हाताऱ्या माणसाचं मन मी जपलं. मन मी माझं जपलं होतं. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. ती म्हण मी शाळेत शिकले होते, पण तिचा अर्थ मला त्या टेबलापाशी उभी असताना कळला.

म्हणून, बाई, तुम्ही सांगणार आहात. सांगायचं की नाही हा प्रश्न आपण सोडून देऊ. कसं सांगायचं ते बघू.

तुम्ही पाठवलेली मुक्कामी गाडीची सहा पानं मी तीनदा वाचली. रात्री साडेनऊला गाडी गावाच्या टोकाला देवळापाशी थांबते. भाऊ कंदिलाच्या उजेडात वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरतात, चिल्लर मोजून थैलीत टाकतात. शेजारच्या घरातली म्हातारी रोज रात्री दोन ताटं झाकून ठेवते, एक ड्रायव्हरचं, एक यांचं. एके रात्री ताटं नसतात. पहाटे साडेपाचच्या गाडीत तीच म्हातारी सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली असते. अंगावर घोंगडी, दवाखान्यात जायचंय. पैसे नाहीत, आणि ते सांगायची लाज वाटतेय. भाऊ काही विचारत नाहीत. तिकीट पंच करून तिच्या हातात देतात आणि स्वतःच्या खिशातले तीन रुपये वीस पैसे थैलीत टाकतात. पुढे लिहितात, "म्हातारीने तिकीट कनवटीला लावलं आणि खिडकीकडे तोंड केलं."

खिडकीकडे तोंड केलं! असं वाक्य लिहायला लेखकांना वर्षं लागतात. आणि त्याच्या खालीच ठळक अक्षरांत सुविचार आहे: माणुसकी हाच खरा धर्म. तो वाचला आणि म्हातारी दिसेनाशी झाली.

भाऊंशी बोलायची सुरुवात इथून करा. "पुस्तक जमलेलं नाही" असं म्हणूच नका. ते भाऊंना मदत करत नाही, आणि ते पुरतं खरंही नाही. सकाळी जा. चहाच्या वेळी, घरात पाहुणे किंवा सूनबाई आसपास नसताना. ही सहा पानं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. एकदा सुविचारासकट, एकदा त्याच्याशिवाय. आणि मग सांगा, "भाऊ, ही ओळ काढली की म्हातारी जास्त वेळ डोळ्यांसमोर राहते." ही टीकाच आहे, आणि ती पूर्ण खरी आहे. पण ती भाऊंवर नाही, एका ओळीवर आहे. ओळ काढून टाकता येते.

नंतर त्यांनाच पहिली चार पानं मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त ऐका. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, ही माहिती भाऊंच्या आधी शंभर ठिकाणी छापून आली आहे आणि ती भाऊंनी पाहिलेली नाही. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली तेव्हा आतले लोक काय बोलत होते, ते फक्त भाऊंना ठाऊक आहे. मोठ्याने वाचताना माणसाचा आवाजच सांगतो कुठे तो स्वतः कंटाळलाय. माझ्या अनुभवात दहातले सात जण दुसऱ्या पानावर थांबतात आणि म्हणतात, "हे जरा लांबलंय, नाही का?" अशा वेळी चटकन "हो" म्हणा. इथे मात्र "नाही नाही, ठीक आहे" म्हणायचा मोह होतो. तो आवरा.

मग आकडे सांगा, अगदी स्पष्ट. "भाऊ, २४० पानांतली माझ्या हिशोबाने १२० ते १३० पानं पुस्तकाची आहेत." शिक्षकांना मोघम बोलायची सवय नसते, पण जिथे उपकाराचं ओझं असतं तिथे आपण सगळेच मोघम होतो. "थोडं कमी करता येईल का बघा" हे ऐकून माणूस पाच पानं काढतो, आपण नाराज होतो, आणि आपण काय म्हणालो ते त्याला कळलेलंच नसतं. पानं निम्म्यावर आली की खर्चही बराच उतरेल, हेही सांगायला लाजू नका. ते पैसे त्यांच्या ग्रॅच्युइटीतले असतील.

घराण्याची माहिती आणि कविता फेकून द्या असं म्हणू नका. तीही त्यांची आहेत. घराण्याची पानं आणि निवडक कविता यांची वीस-पंचवीस पानांची वेगळी पुस्तिका करून नातवंडांना आणि भावकीत द्यायला सांगा. त्या पानांचा वाचक घरातच आहे. भाऊंना "हे पुस्तक कोणी वाचावं असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न मोकळेपणी विचाराल तर ते कदाचित स्वतःच ही वाटणी करतील.

आता एक गोष्ट तुमच्याविषयी, आणि ती तुम्हाला थोडी लागेल. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात. फाइल हातात आली की तुमचा हात लाल पेनकडे जाईल. जाऊ देऊ नका. पेन्सिल घ्या, आणि भाऊंची भाषा शुद्ध करायला जाऊ नका. तुमच्या झेरॉक्सवर "डबल बेल मारली" खाली तुम्ही रेघ ओढून "दोनदा घंटा वाजवली" लिहिलंय. बाई, चौतीस वर्षं त्यांनी डबल बेल मारली. घंटा देवळात वाजते.

माझ्या आधीच्या पिढीत 'सत्यकथा' हे मासिक होतं. १९३३ साली सुरू झालं, १९८२ साली बंद पडलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक. कथा परत करताना ते लेखकाला सविस्तर पत्र लिहीत, काय जमलंय आणि काय निसटलंय ते सांगत, पुन्हा लिहून मागत. गिरगावात खटाववाडीत, 'सत्यकथा' काढणाऱ्या 'मौजे'च्या कचेरीत बसून कथेच्या एकेका जागेवर बोलणं होई. 'साभार परत'चा छापील कागद पाठवणं किती सोपं होतं! नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला तोच दाखला दिला जाई, आणि मी तो आजही मानते. पण त्याच 'सत्यकथे'च्या अंकाची १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी होळी केली, हेही मी विसरत नाही. त्या रागामागे बरंच काही होतं. आपली भाषा, आपलं जगणं या लोकांच्या साच्यात बसत नाही, ही भावना त्यात होती. दुसऱ्याचं लेखन सुधारताना ते आपल्यासारखं होऊ लागलं, की आपण मदत करायचं थांबवलेलं असतं. म्हणून ती डबल बेल परत लिहा.

प्रस्तावनेचं आत्ताच कबूल करू नका. "आधी आपण दोघं मिळून बसू, मग मी लिहीन," असं सांगा आणि खरंच बसा. आठवड्यातून दोन दिवस, दीड दीड तास, दोन महिने. दसऱ्याचं प्रकाशन पुढे ढकलावं लागलं तर पाडव्याला करा. तुम्ही "हे काढा" म्हणणार असाल, तर काढताना तुम्हाला त्यांच्या शेजारी बसावं लागेल. डॉक्टरांना मी खरं सांगितलं असतं आणि ते बाड पिशवीत घालून परत पाठवलं असतं, तर तेही मला आज टोचलंच असतं.

आणि भाऊंनी ऐकलंच नाही तर? तसंही होईल. पुस्तक त्यांचं आहे, पैसे त्यांचे आहेत. मग प्रस्तावना लिहा, पण त्या सहा पानांवर लिहा. म्हातारीवर लिहा. पुराच्या दिवशी पाठकुळी घेतलेल्या आईवर लिहा. कवितांबद्दल एक शब्दही लिहू नका. प्रस्तावना छापली जाते, बाई. तिच्यात खोटं लिहिलंत तर ते भाऊंच्या घरात कपाटात राहील आणि जिन्यात रोज भेटताना तुम्हाला आठवेल.

झेरॉक्स मी ठेवून घेतली आहे. परत हवी असेल तर कळवा, नाहीतर माझ्याकडे राहू द्या.

ताई,

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे, वय ३१. मला गोड बोलता येत नाही. चुकलं तर चुकलं म्हणतो. वडीलही असेच, आमचं घरच स्पष्टवक्तं. पण वर्षभरात टीममधल्या तीन जणांनी बदली मागितली आणि एका मुलीने जाताना सांगितलं की मी तिला सगळ्यांसमोर मूर्ख ठरवलं. मी फक्त खरं बोललो होतो. खोटं कौतुक करायला शिकू का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

खोटं कौतुक मुळीच शिकू नका. तुम्हाला ते जमणारही नाही आणि समोरच्याला कळेल.

पण तुम्ही खरं बोललात हे मला मान्य नाही. त्या मुलीच्या कामात चूक होती, ती तुम्ही सांगितलीत. त्याच कामात बरोबर काय होतं, ते सांगितलंत का? पत्रात तरी त्याचा उल्लेख नाही. दहा गोष्टींतल्या आठ बरोबर असताना दोनच सांगितल्या तर ते अर्धवट खरं झालं. हिशोबात फक्त खर्चाची बाजू दाखवणाऱ्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही.

दुसरं, स्पष्ट आणि फटकळ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपल्या घरांमध्ये दुसऱ्याला पहिल्याचं नाव देऊन पिढ्या काढल्या गेल्या आहेत. "तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ" असं आपण माणसाबद्दल कौतुकाने म्हणतो. मन कोणाला दिसत नाही. तोंडातून आलेलं ऐकू येतं, आणि ज्याने ऐकलं तो ते घरी घेऊन जातो. स्पष्ट बोलणाऱ्याचं ऐकून समोरच्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळतं. फटकळाचं ऐकून त्याला आपण कसे आहोत एवढंच कळतं. "तुला साधं हेही कळत नाही?" यात करण्याजोगं काय आहे? "या भागाची तपासणी राहिली, म्हणून ग्राहकाकडे अडचण आली, उद्या आपण दोघं मिळून बघू" यात आहे.

आणि सगळ्यांसमोर कशाला? चूक टीमची असेल तर टीमसमोर बोला, एकीची असेल तर एकीशी बोला. चार माणसं बघत असताना कान टोचले की ज्याचे टोचले त्याचं सगळं लक्ष त्या चार चेहऱ्यांकडे असतं. तुमचा मुद्दा त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

एक काम सांगते, ते या आठवड्यात करा. त्या मुलीला फोन करा. माफी मागा, आणि तिच्या कामातली तुम्हाला आवडलेली एक गोष्ट नेमकी सांगा. नेमकी. "तू हुशार आहेस" चालणार नाही. तिने काय केलं, केव्हा केलं, त्याने काय सोपं झालं ते सांगा. अशी गोष्ट आठवायला तुम्हाला दहा मिनिटं लागली, तर वर्षभर तुम्ही तिच्या कामातल्या चुकाच पाहत होतात असं समजा आणि तिथून सुरुवात करा. वडिलांनाही हे वाचायला द्या.

ताई,

माझी आई ७६ वर्षांची. वाडीतल्या महिला भजनी मंडळात ती ३० वर्षं अभंग घेते. आता तिचा आवाज वर जाताना फाटतो. मंडळातल्या बायका मला म्हणतात, "तूच सांग तिला, आता पुढे बसू नको म्हणावं." मला धीर होत नाही.

— एक लेक, सावंतवाडी

उत्तर

हा निरोप तुम्ही पोचवू नका. दुसऱ्यांची टीका उचलून आणून आपल्या माणसाच्या पुढ्यात ठेवणं हे तुमचं काम नाही. ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी आईशी बोलावं, आणि ३० वर्षं तिच्यामागे टाळ वाजवल्यावर तेवढं प्रेमाने बोलता यायला हवं.

तुम्ही एक गोष्ट तपासा. पेटी कोणत्या पट्टीत धरतात, म्हणजे 'सा' कोणत्या सुरावर लावतात? ३० वर्षांपूर्वी ठरलेली काळी चार किंवा काळी पाच अजून तशीच चालू असेल. वयाबरोबर बाईचा आवाज खाली येतो. ते वरच्या सुरावर फाटणं पट्टीमुळे असू शकतं. माझ्या मावशीचं असंच झालं होतं. सगळे म्हणाले आवाज गेला, आणि पट्टी उतरवल्यावर ती पुढे सहा वर्षं गायली.

आईला घरी सांगा, "आई, वरचा सूर हल्ली तुला त्रास देतो. आपण खाली धरून बघू या का?" तिलाही तो त्रास रोज जाणवत असणार. संध्याकाळी दोघी बसा, घरात पेटी असेल तर पेटीवर, नाहीतर मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर. आधी काळी तीन, मग काळी दोन. कुठे तिचा गळा मोकळा होतो ते ऐकताना तुम्हाला लगेच कळेल. पुढच्या एकादशीला पेटीवाल्या बाईंना तीच पट्टी धरायला सांगा, आणि टाळ घेऊन आईच्या शेजारी बसा.